फळांच्या साली कुंडीत थेट पुराव्यात का?

प्रश्न (फोंडा): घरात रोज साठणाऱ्या केळ्याच्या व पपईच्या साली चिरून पुदिना आणि कोथिंबिरीच्या कुंडीत पुरल्या, तर त्या खत म्हणून लागू पडतील का?

उत्तर (म्हापसा): थेट पुरू नयेत, कारण ओल्या सालींवर चिलटे येतात आणि कुजण्याची उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही. सुका पाला सालींच्या दुप्पट घेऊन, भोके पाडलेल्या बादलीत कुजवावे. खत काळपट, भुसभुशीत झाले आणि त्याला मातीचा वास येऊ लागला, की वापरावे.

उत्तर (काणकोण): केळ्याच्या सालीत पालाश (पोटॅशियम) भरपूर असले तरी नत्र (नायट्रोजन) बेताचेच असते, आणि पानांसाठी लावलेल्या कोथिंबिरीला नत्रच अधिक लागते; म्हणून सोबत शेणखत द्यावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बादली पागोळ्यांखाली मात्र ठेवू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. परसातला फणसाचा पाला चालेल ना?

उत्तर (म्हापसा): चालेल, पण चुरून घालावा, तो चिवट असतो.