बागकामाच्या खात्याची ओळख: निसर्गप्रेम हवे की उन्हाचा पत्ता?

कुंडीकर (धागाकर्ती):
इन्स्टाग्रामवरची बागकामाची मराठी खाती मी नियमाने पाहते. त्यांच्या बायोमध्ये, म्हणजे नावाखाली मिळणाऱ्या 150 अक्षरांच्या ओळखीत, जवळजवळ सर्वत्र तेच वाचायला मिळते: ‘निसर्गप्रेमी, झाडांची आई, सेंद्रिय बाग, रोज नवीन टिप्स’. यात खोटे काही नसेलही. पण ज्या वाचकाला तिथला सल्ला स्वतःच्या कुंडीत वापरून पाहायचा आहे, त्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे. तिथल्या अंगणातली लगडलेली स्ट्रॉबेरी पाहून चंद्रपूरच्या माणसाने मार्चमध्ये रोपे आणली आणि ती करपली, तर तो बिचारा ‘आपल्या हाताला यशच नाही’ असे म्हणून गप्प बसतो.

माझे मत असे की बायोमध्ये गाव, ऊन आणि जागा या गोष्टी आधी याव्यात. उदाहरणार्थ: ‘पुणे, चौथा मजला. पूर्वेची बाल्कनी, सकाळी चार तास ऊन. कुंड्यांमध्ये मिरची, पालेभाज्या, लिंबू.’ काना, मात्रा, अनुस्वार सुटे मोजले तरी हे शंभराच्या आत बसते. उरलेल्या जागेत निसर्गप्रेम खुशाल व्यक्त करावे.

पारिजातक:
मी पूर्णपणे असहमत आहे. बायो म्हणजे माती परीक्षणाचा अहवाल नव्हे. लोक आधी माणसाला जोडले जातात, मग त्याच्या मिरचीला. ‘झाडांची आई’ हे शब्द तुम्हाला गुळगुळीत वाटत असतील, पण घरात एकट्याने कुंड्या सांभाळणाऱ्या एखाद्या बाईला त्यातच आपले कोणीतरी भेटते. शिवाय ऊन काही वर्षभर एकाच जागी राहत नाही. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे सरकला की बाल्कनीतले चार तासांचे दोन होतात. अशी बदलणारी माहिती त्या-त्या व्हिडिओखाली लिहावी, हे अधिक रास्त नाही का?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाव, मजला आणि दिशा एकत्र लिहायची, वर कठड्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीचे छायाचित्र टाकायचे, म्हणजे घर शोधायला कोणाला कितीसा वेळ लागणार? बागकामाची कितीतरी खाती स्त्रिया चालवतात. हा सल्ला देण्यापूर्वी आपण त्याचा विचार केला होता का?

वऱ्हाडी ऊन:
व्हिडिओखाली लिहावे हे बोलायला सोपे आहे. पण लिहितो कोण? आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. दिवसाचे तापमान 35 च्या वर राहू लागले की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. एका खात्यावर मी फुलगळीबद्दल विचारले, तर ‘बोरॉन (झाडाला लागणारे एक सूक्ष्म अन्नद्रव्य) फवारा’ असे उत्तर आले. मी ते फवारलेही. पुढे कधीतरी एका गप्पांच्या व्हिडिओत कळले की त्यांची बाग बंगळूरला आहे, जिथे मे महिन्यातही आमच्यासारखी भट्टी पेटत नाही. बायोमध्ये गावाचे नाव असते, तर मी तो प्रश्न तिथे विचारलाच नसता.

म्युनिकची मेथी:
अमेरिकेतले बागकाम करणारे आपल्या बायोमध्ये ‘झोन 7’ असे सरळ लिहून टाकतात. तिथल्या कृषी खात्याने देशाचे थंडीनुसार पट्टे पाडले आहेत आणि त्या नकाशाची नवी आवृत्ती 2023 मध्ये आली. मात्र हे पट्टे वर्षातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवरून ठरतात. उन्हाळ्याबद्दल किंवा पावसाबद्दल ते काहीच सांगत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे कोणी हौसेने ‘झोन’ लिहू लागले, तर रत्नागिरीचा पाऊस आणि नागपूरचे ऊन त्यात दिसणारच नाही. गावाचे नाव पुरे. इथे मेच्या मध्यापर्यंत कडाक्याच्या रात्रींचे भय असल्याने मिरचीची रोपे घरातच ठेवतात, म्हणून माझ्या बायोमध्ये ‘म्युनिक’ हा शब्द सर्वांत पुढे आहे. नाहीतर भारतातून विचारणा होते की तुमच्या मिरच्या एप्रिलमध्ये खिडकीच्या आत का?

शेणखत:
गावापेक्षा मला ‘100 टक्के सेंद्रिय’ हे शब्द अधिक खटकतात. बायोमध्ये हे लिहायचे आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटेशेजारी 19:19:19 या रासायनिक खताचे पाकीट उघडे पडलेले असते! घरी खाण्यापुरते पिकवणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही. पण त्याच खात्यावरून भाजी विकली जात असेल, तर 2017 चे सेंद्रिय अन्नाचे नियम लागू होतात: वार्षिक उलाढाल 12 लाखांपर्यंत असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, इतरांना नाही. त्यापेक्षा ‘शेणखत, निंबोळी पेंड, गरज पडल्यास रासायनिक’ असे लिहावे. अशा खात्यावर माझा तरी अधिक विश्वास बसेल.

पारिजातक:
‘गरज पडल्यास रासायनिक’ असे बायोमध्ये लिहिणारा एकही माणूस मला दाखवा.

कुंडीकर:
पारिजातक, घराच्या सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे. मजला आणि उपनगर गाळावे, शहर तेवढे ठेवावे. सल्ला पारखायला तेवढे पुरते. व्हिडिओखालच्या मजकुराबाबत मात्र मी ठाम आहे. व्हिडिओ एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो, तो जुना होतो, त्याखालचा मजकूर ‘आणखी वाचा’च्या आड दडतो; शंका आली की वाचक खात्याचे नाव दाबून बायोपाशीच येतो. ‘झाडांची आई’ला माझी हरकत नाही, फक्त तिचे गाव कळू द्या. आणि ‘गच्चीवरची बाग’ हे शब्द बायोमध्ये खर्च करू नयेत; त्यासाठी नावाच्या चौकटीत वेगळी 64 अक्षरे मिळतात आणि शोध घेताना नाव हमखास पाहिले जाते.

रोपवाटिकावाला:
आमच्यासारख्या विक्रेत्यांना ऊन-दिशेचा हिशेब लागू होत नाही. माझ्या बायोमध्ये प्रेमही नाही आणि बाल्कनीही नाही: ‘गुलाब, जास्वंद, मोगरा. कुरियर फक्त सोमवार-मंगळवार. एप्रिल-मे बंद.’ शनिवारी पाठवलेले रोप रविवारभर गोदामात कोंडून राहते आणि पाने पिवळी पडतात, म्हणून वार लिहिले. तरीही दर शुक्रवारी ‘आज पाठवाल का?’ असा निरोप येतोच. तेव्हा बायो कोण किती वाचते याची मला शंकाच आहे, म्हणून मी पारिजातक यांच्या बाजूला झुकतो.