लीजवरची गाडी मुदत संपण्यापूर्वी बाहेरच्या ग्राहकाला विकायची आहे. हिशेब कसा करावा?

ऋतुगंध:

नमस्कार. माझी गाडी ३६ महिन्यांच्या लीजवर आहे आणि त्यांपैकी २४ हप्ते वेळेवर भरून झाले आहेत. घरातील माणसे वाढल्यामुळे आता मोठी गाडी घ्यावी लागणार आहे, आणि सध्याची गाडी आणखी वर्षभर नुसती उभी ठेवून तिचे हप्ते भरत राहणे मला शक्य नाही. कार्यालयातील एका सहकाऱ्यांनी ही गाडी पहिल्या दिवसापासून पाहिली आहे आणि ती विकत घेण्याची त्यांची मनापासून इच्छा आहे.

चलनाचा प्रश्न मध्ये येऊ नये म्हणून करारातील गाडीची मूळ किंमत १०० धरून आकडे देते. मुदतीअखेर गाडी विकत घ्यायची झाल्यास करारात ५८ ही किंमत नोंदवली आहे. महिन्याचा हप्ता सुमारे १.३६ आहे. सहकारी ७६ द्यायला तयार आहेत. कंपनीला ५८ दिले की १८ आपल्या हाती उरतील, असे मी धरून चालले होते. परंतु कंपनीच्या संकेतस्थळावर माझ्या खात्यात पे-ऑफची रक्कम, म्हणजे आजच करार मिटवून गाडी घ्यायची झाल्यास भरावी लागणारी एकूण रक्कम, ७३ दिसते. हा फरक कशामुळे पडतो, सहकाऱ्यांच्या नावावर गाडी थेट करता येते का, आणि पैसे व कागदपत्रे यांचा क्रम कसा ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिशेबवही:

ऋतुगंधताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण लीजवर गाडी घेणाऱ्या बहुतेकांची गफलत नेमकी येथेच होते. ५८ ही किंमत करारातील ३६ महिने पूर्ण झाल्यानंतरची आहे. गाडीची किंमत १०० वरून ५८ पर्यंत उतरेल असे गृहीत धरून कंपनीने ती ४२ ची घट आणि वित्तीय शुल्क, म्हणजे गुंतवलेल्या पैशांवरचे व्याज, आपल्याकडून हप्त्याहप्त्याने वसूल करण्याचे ठरवले आहे. चोविसाव्या महिन्यात आपण बाहेर पडत असाल, तर उरलेल्या १२ महिन्यांची घट कंपनीच्या वहीत अजून बाकीच असते.

आकड्यांत पाहू. उरलेले १२ हप्ते म्हणजे १६.३२, आणि त्यांत ५८ मिळवले की ७४.३२ होतात. ही रक्कम आपण आजच भरत असल्यामुळे पुढच्या वर्षाचे वित्तीय शुल्क कंपनीने अजून कमावलेले नसते. आपल्या आकड्यांवरून या शुल्काचा दर वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास दिसतो. त्या दराने सुमारे २ वजा झाल्यावर ७२.४ च्या जवळपास रक्कम उरते. करारात गाडी खरेदीचे वेगळे शुल्क असते, ते मिळवले की आपल्याला दिसणारे ७३ जुळतात. म्हणजे आपल्या कंपनीने न कमावलेले शुल्क सोडून दिले आहे. काही करारांत ते सोडले जात नाही आणि उरलेले सगळे हप्ते जसेच्या तसे मागितले जातात, म्हणून करारातील मुदतपूर्व समाप्तीचे कलम प्रत्येकाने शब्दशः वाचावे. अमेरिकेत १९७६ च्या ग्राहक लीज कायद्यामुळे मुदतीपूर्वी करार संपवण्याच्या अटी कंपनीला आधीच लिहून द्याव्या लागतात, आणि करार जितका लवकर संपवाल तितकी त्यासाठी भरावी लागणारी रक्कम मोठी असण्याची शक्यता असते, अशी स्पष्ट सूचनाही त्या कागदावर असते.

ही सूचना अगदी रास्त आहे. नव्या गाडीची बाजारातील किंमत पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने खाली येते, तर कंपनीच्या वहीतील बाकी दरमहा जवळजवळ सारख्याच संथ गतीने उतरते. त्यामुळे सहाव्या महिन्यात विकायला निघालेला माणूस बहुधा खिशातून भर घालतो, आणि शेवटच्या वर्षात दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येतात. आपण त्या टप्प्यावर आहात, एवढी आपली बाजू चांगली आहे. मात्र आपल्या हाती १८ उरणार नाहीत, फार तर ३ उरतील, आणि पुढचा प्रत्येक निर्णय या ३ वर नजर ठेवूनच घ्यावा.

मैलाचा दगड:

वरील हिशेब अचूक आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण ते ३ हातात पडतील की नाही हे त्यावर ठरणार आहे.

लीजवरच्या गाडीची कायदेशीर मालक लीज कंपनी असते. आपल्याकडे ठरावीक काळ वापरण्याचा हक्क आणि करारात तशी तरतूद असेल तर विकत घेण्याचा पर्याय असतो. जी वस्तू आपल्या मालकीची नाही तिचे विक्रीखत आपण करू शकत नाही. म्हणून सहकाऱ्यांकडे गाडी जाण्याचे सरळ मार्ग दोनच आहेत. कंपनीने पैसे घेऊन गाडी थेट त्यांच्या नावावर करावी, किंवा आधी आपण ती विकत घ्यावी आणि मग आपण त्यांना विकावी.

पहिला मार्ग पूर्वी बऱ्याच कंपन्या सहज मान्य करीत असत. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या, जुन्या गाड्यांचे भाव चढले आणि दोन-तीन वर्षांपूर्वी करारात लिहिलेल्या मुदतीअखेरच्या किमती बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी ठरल्या. तो फरक भाडेकरू (लीजवर गाडी घेणारे) आणि बाहेरचे खरेदीदार घेऊन जात आहेत हे दिसताच अमेरिकेतील गाडी उत्पादकांच्या अनेक वित्तकंपन्यांनी तिसऱ्या पक्षाला होणारी विक्री बंद केली किंवा फक्त आपल्याच ब्रँडच्या डीलरांपुरती ठेवली. टंचाई सरली तरी पुष्कळ ठिकाणी ते निर्बंध उठलेले नाहीत. आपल्या डीलरने "गाडी आमच्याकडेच आणा" असे सांगितले, तर कंपनीचा नियमही तसाच आहे असे समजून थांबू नका. कंपनीला स्वतः विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विचारताना भाडेकरूसाठीचा, डीलरसाठीचा आणि बाहेरच्या व्यक्तीसाठीचा पे-ऑफ असे तीन आकडे वेगवेगळे मागा. ते एकच असतील असे नाही, आणि संकेतस्थळावर दिसणारा आकडा बहुतेक वेळा फक्त भाडेकरूसाठीचा असतो.

दुसऱ्या मार्गात कर आडवा येतो. गाडी आपण विकत घेतली की त्या व्यवहारावर कर, आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडून घेतली की त्यांच्या नोंदणीवर पुन्हा कर, असे बऱ्याच ठिकाणी होते. कराचा दर ५ टक्के जरी धरला तरी ७३ वर ३.६५ होतात, म्हणजे आपले ३ तेथेच संपून वर खिशातून भरावे लागतात. काही कायद्यांत यासाठी सवलत असते. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात भाडेकरूने गाडी विकत घेतल्यापासून दहा दिवसांच्या आत ती तिसऱ्या व्यक्तीच्या नावावर केली, तर मधल्या खरेदीवर भाडेकरूला कर लागत नाही. आपल्या येथील नियम नोंदणी कार्यालयात विचारून घ्या. अशा सवलतीत दिवस मोजून दिलेले असतात, आणि कंपनीकडून मालकीचा कागद यायला कित्येकदा आठवडे लागतात, हेही ध्यानात असू द्या.

सावधचित्त:

तिसऱ्या प्रश्नावर अनुभवाने लिहिते, कारण या क्रमात केलेली एक चूक मला महागात पडली आहे. तीन वर्षांपूर्वी मी लीजवरची गाडी परिचयातील एका गृहस्थांना द्यायचे ठरवले. त्यांनी मला पैसे दिले, मी ते कंपनीला भरले आणि त्यांना घाई असल्यामुळे चावीही त्याच दिवशी दिली. मालकीचा कागद कंपनीकडून यायला सहा आठवडे लागले. त्या काळात गाडी नोंदणीला कंपनीच्या नावावर, विम्याला माझ्या नावावर आणि प्रत्यक्षात त्यांच्या हातात होती. टोलची आणि वेगमर्यादा मोडल्याची बिले कंपनीकडे गेली, कंपनीने प्रत्येक बिलावर आपले हाताळणी शुल्क चढवून ती माझ्याकडे पाठवली, आणि ती परत मागताना चांगला स्नेह कडवट झाला. त्या सहा आठवड्यांत अपघात झाला असता तर विमा कंपनीने काय भूमिका घेतली असती, या विचाराने आजही अस्वस्थ होते. गाडी कायमची दुसऱ्याच्या ताब्यात देणे हा बहुतेक लीज करारांचा भंग असतो, हे मी तेव्हा वाचलेच नव्हते.

यातील खरा पेच असा की कागद हाती आल्याशिवाय खरेदीदार पैसे देऊ इच्छित नाही आणि पैसे मिळाल्याशिवाय कंपनी कागद सोडत नाही. पैसे आपल्या खात्यातून फिरवण्यापेक्षा खरेदीदाराच्या बँकेने पे-ऑफची रक्कम परस्पर कंपनीला द्यावी आणि वरचा फरक आपल्याला द्यावा, हे उत्तम. पे-ऑफचे पत्र काही दिवसांपुरतेच ग्राह्य असते, तेव्हा त्यावरील शेवटची तारीख आणि त्यानंतरचा रोजचा आकार पाहूनच बँकेचा दिवस ठरवा. सहकाऱ्यांना कागद यायला वेळ लागेल हे आधीच मोकळेपणाने सांगा, आणि तोवर गाडी आपल्याकडेच राहील असे दोघांच्या सहीने लिहून ठेवा. रोज भेटणाऱ्या माणसाशी व्यवहार करताना असे लिहून घेणे संकोचाचे वाटते, पण त्यानेच संबंध टिकतात.

ऋतुगंध:

आपणा तिघांचेही मनापासून आभार. आज कंपनीशी बोलले आणि उत्तर ईमेलवरही मागवून घेतले. बाहेरच्या व्यक्तीला थेट विक्री त्यांना मान्य नाही. गाडी मी स्वतः घेऊ शकते किंवा त्यांच्याच ब्रँडचा कोणताही डीलर घेऊ शकतो. डीलरसाठीचा आकडाही ७३ च आहे. आमच्या येथे कराची सवलत नाही, त्यामुळे स्वतः विकत घेऊन पुन्हा विकण्याचा विचार मी सोडून दिला आहे. आता लीज संपेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही का?

मैलाचा दगड:

थांबण्याचाही हिशेब करून पाहा. यापुढे आपण भरलेल्या प्रत्येक १.३६ मधून बाकी सुमारे १.१८ ने कमी होते आणि ०.१८ वित्तीय शुल्कात जाते. म्हणजे एक महिना थांबण्याचा खर्च हे ०.१८, त्या महिन्यातील विमा आणि बाजारभावात झालेली घट एवढा पडतो. गाडी वापरायची नसेल तर हा खर्च विनाकारण आहे.

तत्पूर्वी एक मार्ग जरूर आजमावा. त्याच ब्रँडच्या दोन-तीन डीलरांना भेटा, आपला मूळ डीलर त्यांत असायलाच हवा असे नाही, आणि त्यांना सरळ सांगा की खरेदीदार तयार आहे. डीलरने कंपनीला ७३ भरून गाडी घ्यावी आणि त्याच बैठकीत सहकाऱ्यांना ७६ ला विकावी. मधल्या ३ मधून त्याने आपले शुल्क ठेवून उरलेले आपल्याला द्यावे. डीलर पुन्हा विकण्यासाठी खरेदी करीत असल्यामुळे कर सामान्यतः एकदाच, सहकाऱ्यांच्या खरेदीवर लागतो. सगळेच डीलर यास राजी होत नाहीत, परंतु विनासायास होणारी विक्री काहींना हवीच असते. शुल्काचा आकडा आणि सहकाऱ्यांना पडणारी अंतिम किंमत सही करण्यापूर्वी एकाच कागदावर लिहून घ्या.

सावधचित्त:

यात भर एवढीच की पे-ऑफ जमा झाल्याचे आणि करार बंद झाल्याचे कंपनीचे पत्र हाती येईपर्यंत बँकेतून आपोआप जाणारा हप्ता आणि विमा, दोन्ही चालू ठेवा. जास्तीचा एखादा हप्ता गेला तर तो परत मागता येतो. चुकलेल्या हप्त्याची नोंद मात्र पुसणे फार अवघड जाते. लीज घेताना सुरक्षा अनामत भरली असेल, किंवा विमा आणि बाकी यांतील फरक भरून देणारे गॅप संरक्षण वेगळे पैसे देऊन घेतले असेल, तर त्यांचा परतावा लेखी मागा. पुष्कळदा तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

ऋतुगंध:

मूळ कागद काढून पाहिले. अनामत नव्हती, पण गॅप संरक्षणाचे पैसे मी सुरुवातीलाच एकरकमी भरले होते आणि ते पूर्णपणे विसरून गेले होते. शनिवारी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन दोन डीलरांकडे जात आहे. जे ठरेल ते येथे आकड्यांसह लिहीन.