आईला हार्मोनची गोळी: चालू ठेवायची का?

यावलकर:
आई ५८ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) नाशिकला झाले. आता रोज लेट्रोझोल, पाच वर्षं. फाइलवर 'हार्मोन थेरपी' वाचून मावशीने घर डोक्यावर घेतलंय. पाळी गेल्यावर बायकांना हार्मोन देतात, त्याने तर कॅन्सर होतो म्हणे, मग कॅन्सरवर तेच कसं? त्यात सकाळी आईची बोटं आखडतात, कळण्याची भाकरी थापता येत नाही. गोळी बंदच करते म्हणते.

अमळनेरची ताई:
भाऊ, मावशी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघतात, त्यासाठी बाहेरून इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन देतात. त्यासोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही असेल आणि ते वर्षानुवर्षं चाललं, तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. तुमच्या आईचं बरोबर उलटं चाललंय, तिचं इस्ट्रोजेन तोडायचंय. गाठ ईआर पॉझिटिव्ह असेल, म्हणजे तिच्या पेशींत इस्ट्रोजेनला चिकटायची जागा असेल, तर इस्ट्रोजेन हेच तिचं खत. पाळी गेली तरी चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते थोडं थोडं बनवत राहतं. लेट्रोझोल त्या एन्झाइमलाच अडवतं.

माझी पाळी चालू होती, म्हणून मला टॅमॉक्सिफेन, २० मिलिग्रॅम. त्याने इस्ट्रोजेन बनायचं थांबत नाही, पण स्तनाच्या पेशीत त्याला चिकटायला जागा मिळत नाही. वाफा मलाही येतात. जानेवारीत आमचे हे गोधडीत आणि मी पंख्याखाली. मे महिन्यात तर ऊन कुठलं नि गोळी कुठली, काही कळत नाही!

बोटं आखडणं हे लेट्रोझोलचं नेहमीचं. पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याच जातीची दुसरी गोळी, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन, बदलून देतात, काहींना ती सोसते. चालणं सोडू देऊ नका.

भुसावळ मेडिकल:
लेट्रोझोलने हाडं विरळ होतात. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, झालाय का? कॅल्शियम, डी जीवनसत्त्वाचंही विचारून घ्या.

यावलकर:
डेक्सा नाही झाला, विचारतो. रिपोर्ट काढला. ईआर पॉझिटिव्ह आहे, पण पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉनला चिकटायची जागा, निगेटिव्ह. मग गोळी वायाच का?

अमळनेरची ताई:
नाही हो. नुसतं ईआर पॉझिटिव्ह असलं तरी ही गोळी देतात. आणि पुढच्या वेळी मावशींनाही सोबत न्या डॉक्टरांकडे, घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटतील.