मदत हवी आहे : चर्चची ट्रेझरर झालेय, देणग्यांचे पैसे आणि रोजचा खर्च वेगळा कसा काढू?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत असते, मूळची पुण्याची. माहेर-सासर दोन्ही सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). इकडे आल्यावर आम्ही घराजवळच्या एपिस्कोपल चर्चमध्ये जायला लागलो कारण उपासनेचा क्रम ओळखीचा होता, एपिस्कोपल म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन, आणि १९७० साली नागपुरात सीएनआय स्थापन झालं तेव्हा आपल्याकडचे अँग्लिकन त्यात आलेच होते, त्यामुळे परकं असं वाटलं नाही. जानेवारीच्या वार्षिक सभेत मला वेस्ट्रीवर निवडून दिलं आणि पाठोपाठ ट्रेझररही केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेस्ट्री म्हणजे आपली पास्टोरेट कमिटीच जवळपास, चर्चचा कारभार बघणारी समिती. दोन वॉर्डन असतात, सिनियर आणि ज्युनियर, ज्युनियरकडे बहुतेक ठिकाणी बिल्डिंगची कामं, एक क्लार्क मिनिट्स लिहायला, एक ट्रेझरर, आणि अध्यक्ष पाळक म्हणजे रेक्टर. आमच्याकडे पूर्णवेळ रेक्टर परवडत नाही म्हणून अर्धवेळ प्रीस्ट आहेत. रविवारी पन्नास-साठ माणसं येतात, बरीचशी वयस्कर.

आता प्रश्न. आधीचे ट्रेझरर ऐंशीच्या पुढचे आजोबा आहेत, कित्येक वर्षं त्यांनी हे काम एक पैसा न घेता केलं, दर सोमवारी बँकेत जाऊन स्वतः डिपॉझिट भरायचे. एकेक चेकची नोंद आहे, प्रामाणिकपणाबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही आणि माझ्या तर नाहीच नाही. पण सगळे पैसे एकाच चेकिंग अकाऊंटमध्ये आहेत. इथे कोणी वारलं की घरचे लोक आठवणीत देणगी देतात, कोणी म्हणतं ऑर्गनसाठी, कोणी वेदीवरच्या फुलांसाठी, कोणी फूड पँट्रीसाठी, कोणी नुसतंच "चर्चसाठी". एक्सेलमध्ये या सगळ्याला एकच कॉलम, "मेमोरियल". त्यातून किती खर्च झाला, कशावर झाला, ते वेगळं लिहिलेलं नाही. म्हणजे बँकेत शिल्लक दिसते पण त्यातली ऑर्गनची किती आणि आमच्या हातातली किती ते आज कोणीच सांगू शकत नाही.

आणि नेमकं आत्ताच छप्पर गळायला लागलंय. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे पाळकांचे झगे आणि प्रभुभोजनाची भांडी ठेवतात त्या खोलीच्या, वरचा भाग. मागच्या मीटिंगमध्ये दोघंतिघं म्हणाले की बँकेत पैसे पडून आहेत की, वापरा. मला ते करवत नाही. एका आजींनी नवऱ्याच्या नावाने ऑर्गनसाठी पैसे दिलेत, त्या अजून दर रविवारी पुढून तिसऱ्या बाकावर असतात, त्यांना मी काय सांगू?

त्याशिवाय थ्रिफ्ट शॉपचं वेगळं अकाऊंट आहे, बायकांच्या गिल्डचं वेगळं, ती पासबुकं मी अजून बघितलेलीच नाहीत. ऑर्गनिस्टला दर महिन्याला नुसता चेक जातो, डब्ल्यू-२ (एम्प्लॉयीच्या वर्षाच्या पगाराचा टॅक्स फॉर्म) वगैरे काही नाही. प्रीस्टच्या पगारात हाउसिंग अलाउन्स असतो त्याचं नेमकं काय करायचं असतं तेही मला नीट समजलेलं नाही. मी आयटीवाली आहे, अकाऊंटिंग माझं क्षेत्र नाही. कुणी चर्चचे, मंदिराचे, कुठल्याही संस्थेचे हिशोब सांभाळले असतील तर सुरुवात कुठून करू ते सांगाल का? आजोबांना न दुखवता करायचंय हे सगळं, ते माझ्यासाठी पैशांइतकंच महत्त्वाचं आहे.

प्रतिसाद : नगरकर_ह्यूस्टन

ताई, जय ख्रिस्त. मी सीपीए (इकडचा सीए) आहे आणि आमचं घराणं नगरच्या अमेरिकन मिशनचं, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही. इकडच्या काही एपिस्कोपल चर्चेसचं ऑडिट केलंय.

पहिली गोष्ट, तुम्ही थांबलात ते अगदी बरोबर केलंत. देणाऱ्याने कारण सांगून दिलेले पैसे वेस्ट्री ठराव करून दुसरीकडे वळवू शकत नाही. इतर कामासाठी उसने घेणं हेसुद्धा राज्याच्या कायद्यात अडकू शकतं, त्यामुळे "नंतर परत भरू" यावर कुणी राजी होत असेल तरी डायोसिसला (बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत) विचारल्याशिवाय होऊ देऊ नका. देणारा हयात असेल तर त्याला विचारता येतं, त्या आजी हयात आहेत म्हणताय, मग त्यांनी स्वतःहून लेखी दिलं की छपरासाठी वापरा तर गोष्ट वेगळी, पण दबाव येता कामा नये. देणारा हयात नसेल तर राज्याच्या कायद्याप्रमाणे जावं लागतं, त्यात कधी अ‍ॅटर्नी जनरलला कळवावं लागतं, कधी कोर्ट, म्हणून आधी डायोसिसच्या ऑफिसला फोन करा, त्यांच्याकडे वकील असतो.

आता पैसे वेगळे कसे काढायचे. नवीन बँक अकाऊंटं उघडत बसू नका, त्याने काही सुटत नाही. बँकेत पैसे एकत्र राहिले तरी चालतात, वहीत वेगळे दिसले पाहिजेत, त्याला फंड अकाऊंटिंग म्हणतात, क्विकबुक्समध्ये क्लास वापरून होतं. तीन गठ्ठे करायचे. पहिला, देणाऱ्याने अट घातलेले पैसे. दुसरा, वेस्ट्रीने स्वतः ठरवून बाजूला ठेवलेले, उदा. "हे बॉयलरसाठी ठेवू", हे वेस्ट्री ठराव करून कधीही मोकळे करू शकते. तिसरा, कसलीही अट नसलेले. ज्यांनी नुसतं "चर्चसाठी" दिलं ते या तिसऱ्यात येतात, आणि माझा अनुभव असा की ही रक्कम लोकांना वाटते त्यापेक्षा मोठी निघते. छपराला कदाचित तिथूनच निघेल.

कागद कुठे शोधायचे तर जुनी वेस्ट्री मिनिट्स, डिपॉझिट स्लिपा, अंत्यविधीच्या वेळी छापलेली पत्रकं (त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की फुलांऐवजी अमुक फंडाला द्या), चर्चने पाठवलेली आभारपत्रं, आणि मृत्युपत्रांच्या कॉप्या. कागद नसेल आणि कुणाला तरी नक्की आठवत असेल तर ते आजच लिहून, तारीख घालून, सही घेऊन ठेवा. शंका असेल तिथे अट आहे असंच धरून चाला.

प्रतिसाद : पंचहौद_पुणे

ताई आमच्याकडेही हाच घोळ होता, कापणीच्या सणाला लिलाव होतो, भोपळा आणि कोंबडीला भाव चढतो, ते पैसे मोजून एका पिशवीत जायचे आणि मग इमारत फंडाचे किती आणि गरीब फंडाचे किती यावर वर्षभर चर्चा. आता पावतीवरच "कशासाठी" हा रकाना ठेवलाय आणि तो रिकामा असेल तर पावती फाडायचीच नाही असा नियम आहे. एवढ्या एका रकान्याने निम्मी भांडणं मिटली. तुमच्याकडे पाकिटं असतात ना, त्यावर छापून घ्या.

प्रतिसाद : मंदिर_बोर्ड_ओहायो

मी हिंदू मंदिराच्या बोर्डवर आहे, आमची हुंडी आणि तुमची प्लेट, काम एकच. एक सांगतो. पैसे मोजायला कायम दोन माणसं, आणि ती एका घरातली नकोत. दोघांनी शीटवर सही करायची, तिसऱ्याने बँकेत भरायचं, आणि महिन्याचं बँक स्टेटमेंट चेक लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी उघडून बघायचं. यात कुणावर अविश्वास नाही, उलट उद्या काही कमी पडलं तर कुणा एका माणसाकडे बोट जात नाही. तुमच्या आजोबांना हे याच शब्दांत सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, कालपासून दोनदोनदा वाचतेय. नगरकर, अंत्यविधीच्या पत्रकांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, ऑफिसातल्या कपाटात खोकी भरून आहेत ती, आमच्या चर्चच्या सेक्रेटरीने काहीही टाकलेलं नाही. ऑर्गनिस्ट आणि हाउसिंग अलाउन्सबद्दल पण थोडं सांगाल का? आणि इतर अकाऊंटं माझ्या अखत्यारीत येतात का, गिल्डच्या बायका म्हणतात ती आमची आहेत.

प्रतिसाद : नगरकर_ह्यूस्टन

गिल्डचं आणि थ्रिफ्ट शॉपचं अकाऊंट चर्चच्या टॅक्स नंबरवर उघडलेलं असेल तर ते चर्चचंच, बेकसेल कुणीही करो. त्यांनी ते चालवत राहावं, खर्च त्यांनीच ठरवावा, फक्त स्टेटमेंट तुमच्याकडे यावं आणि ऑडिटमध्ये दाखवावं. ऑडिट ऐच्छिक नाही हं. एपिस्कोपल चर्चच्या कॅननप्रमाणे (म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे) पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, सगळ्या खात्यांचं दरवर्षी ऑडिट व्हावं लागतं आणि आधीच्या वर्षाचा रिपोर्ट १ सप्टेंबरपर्यंत बिशपच्या ऑफिसात पोचावा लागतो. सीपीए परवडत नसेल तर डायोसिसने मान्य केलेली ऑडिट कमिटीही चालते, पण त्यात हिशोब लिहिणारा माणूस नको. त्याच कॅननमध्ये आहे की ट्रस्ट आणि कायमस्वरूपी फंडातून पैसे काढायला किमान दोन सह्या लागतात, आणि ट्रेझररचा बाँड असावा लागतो. बाँड म्हणजे विमाच. तुमच्या नावाने झालाय का ते आधी बघा, बहुतेक अजून आजोबांच्या नावावर असेल.

ऑर्गनिस्ट. वेळ चर्च ठरवतं, वाद्य चर्चचं, दर रविवारी यायचंच, मग तो बहुतेक वेळा एम्प्लॉयी धरला जातो आणि डब्ल्यू-२ द्यावा लागतो, दर तिमाहीला ९४१ (पगारावरच्या टॅक्सचा फॉर्म) भरायचा. मागच्या वर्षांचं काय करायचं ते स्थानिक पेरोलवाल्याला भेटून ठरवा, स्वतः अंदाजाने भरू नका.

प्रीस्टचं प्रकरण वेगळं आहे. इन्कम टॅक्सपुरते ते एम्प्लॉयी, म्हणून डब्ल्यू-२, पण सोशल सिक्युरिटीपुरते सेल्फ-एम्प्लॉइड, त्यामुळे त्यांच्या पगारातून फायका (सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा टॅक्स) कापायचा नाही, ते स्वतः भरतात. हाउसिंग अलाउन्स म्हणजे पगारातला घरखर्चासाठीचा, इन्कम टॅक्समधून सुटणारा भाग, त्याचा ठराव वेस्ट्रीने वर्ष सुरू व्हायच्या आधी करून मिनिट्समध्ये लिहायचा असतो, मागच्या तारखेने करता येत नाही. डिसेंबरच्या मीटिंगचं मिनिट काढून बघा, नसेल तर पुढच्याच मीटिंगमध्ये करा, ठरावानंतरच्या पगारापासून लागू होईल. आणि चर्च पेन्शन फंडाला पगाराच्या १८ टक्के भरावे लागतात, त्यात हाउसिंगही धरायचं. इथे चूक झालेली मी पाहिलीय, नुसत्या रोख पगारावर हिशोब केलेला असतो आणि मग पेन्शन कमी बसते, म्हणून हे नीट तपासा, कुणाच्या तरी म्हातारपणाचा प्रश्न आहे.

अजून एक, हे फार कमी लोक बघतात. १ मार्चपर्यंत पॅरोकियल रिपोर्ट (पॅरिशचा वार्षिक अहवाल) जातो, त्यात नेहमीचं उत्पन्न आणि फंडासाठी आलेले पैसे वेगळे दाखवायचे असतात. बऱ्याच डायोसिसमध्ये तुमचं वार्षिक असेसमेंट (डायोसिसला द्यायचा वाटा) त्या नेहमीच्या उत्पन्नावरून ठरतं. तुमच्याकडे सगळं एकत्र असेल तर ऑर्गनच्या देणग्याही त्यात मोजल्या गेल्या असतील आणि चर्चने डायोसिसला जास्त पैसे भरले असतील. जुने रिपोर्ट काढा. वेस्ट्रीला हे दाखवलंत तर वेगळे हिशोब ठेवायला कोणी नाही म्हणणार नाही.

प्रतिसाद : पंचहौद_पुणे

आजोबांबद्दल एक सुचवते. त्यांना सभेत बोलावून प्रश्न विचारू नका. घरी जा, ती खोकी घेऊन जा, आणि म्हणा तुम्हाला माणसं माहीत आहेत, मला नाही, कोणी कशासाठी दिलं ते सांगा मी लिहून घेते. एवढी वर्षं ज्याने सांभाळलं त्याच्याएवढी माहिती कुठल्या एक्सेलमध्ये असणार? आणि जे ते सांगतील ते सही करून घ्यायला त्यांनाच अभिमान वाटेल.

धागाकर्ती

पंचहौद ताई, तुमचं ऐकून शनिवारी गेले होते त्यांच्याकडे. खरंच सांगते, त्यांना जवळपास प्रत्येक नाव आठवत होतं. कोणत्या देणगीतून सॅंक्चुअरीतला दिवा दुरुस्त झाला, कोणत्या पैशातून पँट्रीचा फ्रीजर आला, आणि काही कागद तर त्यांनी घरी फोल्डरमध्ये जपून ठेवलेत, मूळ पत्रंसुद्धा. त्यांनी स्वतःच विचारलं की ऑडिट कमिटी बसली की मी उत्तरं द्यायला येऊ का. ऑर्गनचे पैसे जवळजवळ सगळे शाबूत आहेत. "चर्चसाठी" म्हणून आलेले बरेच निघाले, छपराचं पूर्ण एस्टिमेट त्यात बसत नाही पण गळणाऱ्या भागापुरतं बसतंय, उरलेल्यासाठी शरद ऋतूतल्या प्लेज कॅम्पेनमध्ये (लोकांकडून देणगीचं वचन घेतात ती मोहीम) वेगळं आवाहन करू असं ज्युनियर वॉर्डन म्हणाले. बाँड खरंच माझ्या नावाने झालेला नव्हता, सोमवारी इन्शुरन्सवाल्यांना फोन केला.

एकच शेवटचं विचारते. प्रीस्टचा डिस्क्रिशनरी फंड आहे, त्यातून ते गरजूंना विजेचं बिल वगैरे भरून देतात, नावं सांगत नाहीत आणि मला ती विचारायचीही नाहीत. तो पण ऑडिटमध्ये येतो का?

प्रतिसाद : नगरकर_ह्यूस्टन

येतो. खातं चर्चच्याच नंबरवर हवं, आणि प्रीस्टच्या स्वतःच्या खर्चाला त्यातून एक डॉलरही नको. पण नावं तुम्हाला विचारावी लागत नाहीत. ऑडिट करणारा एक माणूस गोपनीय राहून चेक बघतो, शक्यतो चेक थेट वीज कंपनीच्या किंवा घरमालकाच्या नावाने असावा, आणि त्याने रिपोर्टमध्ये एवढंच लिहायचं की खर्च दानधर्माच्या कामासाठीच झालाय. बाकी महिन्यातल्या एका रविवारचं प्रभुभोजनाच्या वेळचं सुटं अर्पण (कशासाठी ते न सांगता दिलेलं) कॅननप्रमाणे याच कामासाठी पाळकांकडे जायचं असतं, ते तुमच्याकडे जातंय का तेवढं बघून घ्या.