अनुभव धागा : कॉलेज सॉफ्टबॉलच्या पिचर (मोनिका ॲबट, ऑस्टरमन, कॅनडी... या, लिहा)

वेशीवरची
२०२५ च्या महिला कॉलेज वर्ल्ड सिरीजची (अमेरिकन विद्यापीठांची सॉफ्टबॉल स्पर्धा, फायनल तीन सामन्यांची) तिसरी फायनल. टेक्सस टेकची निजारी कॅनडी पहिल्याच इनिंगमध्ये पाच रन देऊन बाहेर, टेक्सस १०-४ ने चॅम्पियन. ते बघताना थेट २००७ डोळ्यांसमोर आलं. तेच ओक्लाहोमा सिटी, आणि सर्कलमध्ये, म्हणजे पिचरच्या जागी, टेनेसीची मोनिका ॲबट. कॅलिफोर्नियातल्या सलिनासची, डावखुरी, उंची ६ फूट ३ इंच. त्या सीझनमध्ये ५० विजय आणि ७२४ स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेल्या बॅटर). पहिली फायनल टेनेसीने ३-० ने घेतली. दुसरी दहा इनिंग चालली आणि ॲरिझोनाने १-० ने काढली. तिसरी ५-०, तीही ॲरिझोनाचीच. ॲबटचे चार वर्षांत १८९ विजय, २४४० स्ट्राइक आउट, २३ नो-हिटर (एकही हिट न दिलेले सामने), आणि राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही.
ज्यांनी पिचिंग शिकवलंय, स्कोअरिंग केलंय, अंपायरिंग केलंय त्यांनी लिहा. कौतुक थोडं आणि तपशील जास्त, एवढीच विनंती.

वहीपेन्सिल
आधी आकडे कसे वाचायचे ते, नाहीतर भांडणं होतात. सॉफ्टबॉलची ईआरए (पिचरने सरासरी किती रन दिले) सात इनिंगवर काढतात : अर्न्ड रन (फिल्डरच्या चुकीशिवाय गेलेले) × ७ ÷ इनिंग. बेसबॉलची नऊवर, म्हणून दोन्ही खेळांचे आकडे शेजारी ठेवू नका. इनिंगमधला .१ आणि .२ हा दशांश नाही, एक आउट आणि दोन आउट. टेक्ससच्या कॅट ऑस्टरमनच्या कॉलेजमधल्या ११०५.२ म्हणजे ११०५ पूर्णांक दोन तृतीयांश. तिचे स्ट्राइक आउट २२६५, म्हणजे सात इनिंगला १४.३४. सातात आउटच २१ असतात! ॲबटच्या १४४८ इनिंग, म्हणजे सातला ११.८ च्या आसपास. एकूण आकड्यात ॲबट पुढे, दरात ऑस्टरमन. ऑस्टरमन २००४ मध्ये ऑलिंपिकसाठी कॉलेजचा सीझन सोडून गेली, अथेन्सचं सुवर्ण घेऊन आली आणि २००५-०६ खेळली.
आणि हो, तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला, पहिला बेस रिकामा असला किंवा दोन आउट झालेले असले, तर बॅटर पळू शकते. तरी पिचरच्या नावावर स्ट्राइक आउट लागतोच. म्हणून एका इनिंगमध्ये चार दिसले तर स्कोअररला शिव्या घालू नका.

मोगरा७
ॲबट ॲबट काय, मोव्हॅटला विसरलात सगळे!! टॅरिन मोव्हॅट, ॲरिझोना, ५ फूट ६ इंच. २००७ च्या त्या स्पर्धेत आठ सामने, साठच्या साठ इनिंग तिनेच टाकल्या. १०३५ पिच.

वहीपेन्सिल
इनिंगला सव्वासतरा.

डगआउटकाका
मोव्हॅटचं चाललं ते चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला फसवा बॉल) आणि कोपरे यांवर. ॲबटचं हत्यार राइज बॉल. तो कसा टाकतात ते लिहितो, कारण यूट्यूबवर निम्मं चुकीचं आहे. दोन बोटं शिवणीवर आडवी, तर्जनी थोडी दुमडून टोकाने शिवण दाबायची. हात मांडीजवळ येताना बोटं बॉलच्या खाली गेली पाहिजेत आणि मनगट दाराची मूठ फिरवल्यासारखं बाहेर वळलं पाहिजे. वजन किंचित मागे. बॉल खरोखर वर चढत नाही. कमरेच्या उंचीवरून वरच्या दिशेने सुटतो आणि बॅकस्पिनमुळे जितका पडायला हवा तितका पडत नाही, म्हणून बॅटरला चढल्यासारखा वाटतो.
बिघडतो कुठे? बोटं खाली न जाता बाजूला राहिली की बॉल बंदुकीच्या गोळीसारखा स्वतःभोवती फिरतो, छातीच्या उंचीवर सरळ येतो आणि कुंपणापार जातो. तिसऱ्यांदा समोर आल्यावर बॅटर वरचे बॉल सोडायला शिकतात, मग पिचरला खाली यावंच लागतं. सलग तीन फायनल म्हणजे तीच बॅटर तुम्हाला आठ-नऊ वेळा बघणार. २००७ काय नि २०२५ काय, खरी गोची इथे आहे.

पावभाजी_प्रेमी
काका, ड्रॉपचं पण लिहा की. आणि वेग किलोमीटरमध्ये सांगा, मैल डोक्यात बसत नाहीत.

डगआउटकाका
ड्रॉपला उलट. तळवा बॅटरकडे, बोटं बॉलच्या मागे आणि खाली, सोडताना वर ओरबाडायची. पाऊल थोडं आखूड, वजन पुढच्या पायावर. वजन मागे राहिलं की बॉल पडत नाही, तरंगतो. ऑस्टरमनची सगळी कमाई ड्रॉपची.
वेग : ७० मैल म्हणजे ११३ किमी. अंतर ४३ फूट (१३.११ मीटर), पण हात सुटतो तोवर पिचर पाच-सहा फूट पुढे आलेली असते. बॅटरला सेकंदाचे चार दशांशही मिळत नाहीत. ॲबटने २०१२ मध्ये ७७ मैल टाकलाय, १२४ किमी. बसा हिशेब करत 😀

सांजवेळ
"अंडरआर्म आहे, खांद्याला त्रास होत नाही" असं सांगणाऱ्या कोचपासून मुलींना लांब ठेवा. विंडमिलमध्ये (हात पूर्ण गोल फिरवून टाकताना) हात घड्याळातल्या नऊच्या जागेवरून खाली येतो तेव्हा बायसेप्सवर सगळ्यात जास्त ताण असतो. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखणं तिथून सुरू होतं. दुसरं, कोपराखालचा हात कमरेला घासून बॉल सुटतो. घासणं ठीक, आपटणं नाही. रोज आपटला की हाताच्या करंगळीकडच्या हाडाला (अल्ना) स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने पडलेली बारीक चीर) होऊ शकतं. दुखणारी जागा बोटाने नेमकी दाखवता आली तर बर्फ चोळत बसू नका, डॉक्टर गाठा. अमेरिकन कॉलेजात पिच किती टाकायचे याला मर्यादाच नाही, म्हणून तर वरचे १०३५.

मोगरा७
२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोला दोन दिवसांत ४१३ पिच पडले होते. फायनल जपान ३, अमेरिका १. समोर ऑस्टरमन. टोकियो ऑलिंपिकच्या फायनलला परत त्याच दोघी, परत जपान, २-०. बिचारी ऑस्टरमन 😔

ठाणेकर_ऑफसाइड
यात पैसे असतात का हो? की नुसतीच हाडं मोडायची?

वेशीवरची
ॲबटचा २०१६ चा करार सहा वर्षांचा, दहा लाख डॉलर, टेक्ससच्या स्क्रॅप यार्ड डॉग्सशी. पण ठरलेला पगार वर्षाला २० हजारच, बाकी प्रेक्षक किती येतात त्यावर बोनस. अख्ख्या टीमच्या पगाराला लीगची मर्यादा तेव्हा दीड लाख डॉलर होती, मग करणार काय. कॉलेज संपल्यावर ती जपानच्या लीगमध्ये टोयोटाकडून खेळत होती, ते उगाच नाही. कॅनडीने २०२४ मध्ये स्टॅनफर्ड सोडून टेक गाठलं ते एका वर्षाच्या १०,५०,०२४ डॉलरवर. दहा लाख मुख्य, पन्नास हजार राहण्याखाण्याचे, आणि २४ हा जर्सीचा नंबर!

ठाणेकर_ऑफसाइड
माझा रोल नंबर ६८ होता. वाया गेला.

शिट्टीवाली
कॅनडीच्या पहिल्या फायनलबद्दल कोणीच बोलत नाहीये. टेक १-० ने पुढे, सहावी इनिंग, टेक्ससच्या रीस ॲटवुडला मुद्दाम वॉक (चार बॉल बाहेर टाकून पहिला बेस फुकट देणं) द्यायचा होता. बॉल पुरेसा बाहेर गेला नाही, ॲटवुडने हात लांबवून डावीकडे मारला, दोन रन, २-१, मॅच गेली. बॉल सुटेपर्यंत कॅचरला तिचा बॉक्स सोडता येत नाही, त्यामुळे ती आधीच लांब जाऊन उभी राहू शकत नाही. अंतर पिचरनेच राखायचं. बॅटच्या टोकापलीकडे हातभर बाहेर आणि खांद्याच्या उंचीवर टाका. हळू तर मुळीच नको. बॅटरचं पाऊल पूर्ण बॉक्सबाहेर टेकून बॉल लागला तर ती आउट, पण त्या भरवशावर राहू नका.

पावभाजी_प्रेमी
अवांतर : भाचीला शालेय जिल्हा स्पर्धेसाठी बॉल घ्यायचाय. दुकानदार ११ आणि १२ दोन्ही दाखवतोय.

शिट्टीवाली
१२ इंची, पिवळा, लाल शिवण. वजन १७८ ते १९८ ग्रॅम, दुकानातच काट्यावर ठेवा. ११ इंची लहान मुलींचा, त्यावर राइजची पकड बसली की १२ वर पुन्हा शून्यापासून. पिचर असेल तर मागच्या पायाच्या बुटाला टो-गार्ड लावून घ्या, फरफटून महिन्याभरात चवडा फाटतो.

पावभाजी_प्रेमी
धन्यवाद ताई. टो-गार्ड मोच्याकडे होईल का?

शिट्टीवाली
होईल. चामड्याचा तुकडा नुसता चिकटवू नका, कडेने शिवून घ्या. आणि डावखुरी आहे का ते आधी विचारा, मागचा पाय बदलतो.