मदत हवी आहे: बुलेटच्या ब्रीदरमधून ऑइल येतंय, इंजिन उघडायचंच का?

दुष्काळी_किक (सांगली):
नमस्कार मंडळी. गाडी बुलेट ३५०, १९९८ ची, जुनं कास्ट आयर्न इंजिन. वडिलांची, आता माझ्याकडे आहे. आठवडाभर उभी राहिली आणि किक मारली की ब्रीदरच्या नळीतून ऑइलची चूळच येते. टॅपेट कव्हरच्या कडेने कायम ओल. डाव्या चेनकेसमधलं (क्लच आणि त्याची चेन असते तो डबा) ऑइल आपोआप वाढतं आणि चढाला क्लच घसरतो. निळा धूर नाही, पिकअप चांगला आहे. गॅस्केटं बदलून झाली, फरक शून्य. इथला मेकॅनिक म्हणतो, ब्लॉक (सिलिंडर)-पिस्टनचं काम काढ. त्याआधी घरी काही तपासता येईल का? आणि हा ब्रीदर नेमकं करतो काय?

टॅपेटकाका (पुणे):
धूर नाही, पिकअप आहे, मग ब्लॉकला कुणाला हात लावू देऊ नका.

पिस्टनच्या वर काय होतं ते सगळ्यांना पाठ असतं, खाली काय होतं ते कुणी बघत नाही. तुमचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी. म्हणजे पिस्टन खाली येताना ३४६ सीसी जागा व्यापतो आणि तेवढी हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत, दाबली जाते. वर जाताना तेवढीच ओढ बसते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा. त्यात पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा जळका गॅस खाली उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. ब्रीदर म्हणजे ह्या हवेची बाहेर जायची वाट. ती मिळाली नाही की हवा ऑइलला बरोबर घेऊन सापडेल त्या सांध्यातून निघते. टॅपेट कव्हर हा एक सांधा. दुसरा म्हणजे क्रँकचं डावं सील, तिथून ऑइल चेनकेसमध्ये. तुमचा क्लच म्हणूनच घसरतोय, प्लेटी गेल्या असं लगेच धरून चालू नका.

आता नुसतं भोक ठेवून भागत नाही. भोकातून हवा बाहेर जाईल तशी आतही येईल. वाट एकेरी हवी, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि क्रँककेसमध्ये थोडी ओढ शिल्लक राहते. मग सांध्यातून ऑइल बाहेर पडायचं सोडून आतच ओढलं जातं. बुलेटवर हे काम नळीतलं रबरी डकबिल करतं. बदकाच्या चोचीसारखा चपटा तुकडा असतो, आतून दाब आला की ओठ उघडतात, ओढ बसली की मिटतात. उष्णतेने आणि ऑइलने रबर कडक होतं आणि ओठ उघडेच राहतात किंवा चिकटून बसतात. किरकोळ पैशांची वस्तू, पण बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

ट्रायम्फ, बीएसए ह्या जुन्या ब्रिटिश जोडसिलिंडर गाड्यांतही दोन्ही पिस्टन एकदम खाली येतात, म्हणून तिथेही हेच दुखणं. ट्रायम्फच्या ६५० ला कॅमशाफ्टच्या टोकाशी फिरती चकती होती, नेमक्या वेळी भोक उघडणारी. १९७० पासून ती काढली आणि हवा प्रायमरी चेनकेसमधून बाहेर नेली.

येझदी_बिनब्रेक (नगर):
आमच्या येझदीला ब्रीदरच नाही, भानगडच नको 😄

टॅपेटकाका:
अहो, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा क्रँककेसमधूनच वर जाते. तिथे भोक पाडलं तर गाडी चालू व्हायची नाही! तुमचं सील गेलं की बघू भानगड कुणाची.

रत्नांग्री_थंप (रत्नागिरी):
काकांचं पटलं, पण "उभी राहिल्यावर" हा मुद्दा वेगळा धरा. बुलेटची ऑइल टाकी क्रँककेसच्याच कास्टिंगमध्ये मागच्या बाजूला असते. गाडी उभी असताना टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू क्रँकखाली झिरपतं. किक मारली की क्रँक ते घुसळतो, आणि परतीचा पंप ते टाकीत नेईपर्यंत जादाचं ब्रीदरमधून बाहेर.

खरा घोळ पुढे आहे. सकाळी थंड गाडीची डिपस्टिक बघायची, लेव्हल कमी दिसते, वर ऑइल ओतायचं. गाडी चालली की खालचं सगळं टाकीत परत येतं आणि टाकी गळ्यापर्यंत. मग ब्रीदर ओकणारच. लेव्हल नेहमी गाडी चालवून आल्यावर, पाचेक मिनिटांत बघा. आणि आठवडाभर उभी राहिल्यावर क्रँककेसचा खालचा ड्रेन बोल्ट सोडून किती निघतं ते भांड्यात धरा. थोडं निघालं तर काळजी नाही. मोठा मगभर निघालं तर पंप बघावा लागेल, ब्लॉक तरीही नाही.

टॅपेटकाका:
हे बरोबर. आणि दुष्काळी, एक करा. क्रँककेसवरून निघालेली नळी शेवटापर्यंत हाताने चाचपत जा, मॉडेलप्रमाणे मांडणी बदलते. गाडी आयडलला ठेवून नळीच्या मोकळ्या टोकावर बोट धरा. नुसते बाहेरचे फुसके लागले तर व्हॉल्व्ह ठीक. बोट ढकललं जातंय तेवढंच ओढलंही जातंय, तर डकबिल गेलं. ठोके न लागता सलग जोराचा झोत येत असेल, तरच रिंगांचा संशय घ्या आणि कॉम्प्रेशन मोजा.

दुष्काळी_किक:
काका, नळी चाचपली. ब्रीदरच्या डब्यातून एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीत कुणीतरी बोल्ट कोंबून वर क्लिप आवळलीय! डकबिल हातात घेतलं तर मधोमध चिरलं.

टॅपेटकाका:
फिल्टर ऑइलने भिजत असेल, म्हणून कुणीतरी शक्कल लढवली. भिजण्याचं कारण टाकीतली जादा लेव्हल, आणि उपाय काय तर नाक दाबणं. बोल्ट काढा, डबा आणि नळ्या रॉकेलने धुवा, नवीन डकबिल टाका. आत पांढरट चिकटा दिसला तर घाबरू नका, छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये मिसळतं. तो चकचकीत क्रोमचा छोटा फिल्टर लावू नका. त्यात एकेरी वाट नसते, धूळ अडेल पण सांगलीची दमट हवा आत जातच राहील.

दुष्काळी_किक:
केलं सगळं. टॅपेट कव्हर कोरडं आहे. लेव्हल गरम गाडीवर बघितली तर खरंच बरीच वर होती, उपसून काढली. आता क्लचचं काय करू?

रत्नांग्री_थंप:
चेनकेस रिकामी करा, प्लेटी पेट्रोलने धुऊन वाळवा, लेव्हल स्क्रूपर्यंतच ऑइल भरा. आठवड्याभराने तोच स्क्रू सोडून बघा. पुन्हा जास्तीचं वाहिलं तर क्रँकचं डावं सील बदला, आणि त्यालाही ब्लॉक काढावा लागत नाही हे मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा.