मदत हवी आहे : काकांच्या नावाने हाफ मॅरेथॉन

नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ धावतोय, म्हणजे 21.097 किमी. धाकटे काका गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरने गेले. परळला उपचार चालू असताना समोरच्या फुटपाथवर गावाकडून आलेले पेशंट चटया टाकून झोपलेले असायचे. काका स्वतः नळी लावलेले, तरी मला खुणेने सांगायचे, "त्यांना चहा आण." म्हणून अशा लोकांच्या राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या संस्थेसाठी पैसे जमवायचेत.

धावण्याचं म्हणाल तर 14 किमीपर्यंत ठीक जातं. माहीमहून निघून सी-लिंक पार होईल, पण शेवटी पेडर रोडचा चढ आहे ना, त्याची धास्ती आहे. ठाण्यात सरावाला चढ कुठे मिळेल? येऊरला जाणारं कुणी आहे का?

खरी अडचण पैसे मागण्याची. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, तर सत्तावीस हात जोडलेले इमोजी आले आणि देणगी एक, तीही आत्याची. लोकांना न अवघडवता कसं मागता तुम्ही? शिवाय आयकरात सवलत मिळवायला लागणारी 80जीची पावती सगळे विचारतात. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत तर मिळतच नाही, हे मी सांगतो, पण मग समोरचा थंडच होतो. पैसे थेट संस्थेच्या खात्यावरच जावेत, माझ्याकडे नकोत.

आणि हो, टी-शर्टवर काकांचा फोटो छापावा की नुसतं नाव? काकू म्हणते, "फोटो घामाने भिजेल रे."